अळणी थेंब

मंगळवार, ५ जून

पुन्हा नाही वाढलं! काटा गेल्या मंगळवारी होता तिथेच. नर्सने माझ्या तोआला उचलून परत एकदा काट्यावर ठेवलं, जणू दुसऱ्या खेपेला वजन आपोआप वाढणार होतं. काटा ढिम्म.

डॉक्टर लोलोहेआ एरवी चार वाक्यांत माणसाची वासलात लावतात. आज खुर्ची ओढून समोर बसल्या.

"लेसिएली, नीट ऐक. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांची मूत्रपिंडं कच्ची असतात. अंगातलं मीठ त्यांना धरून ठेवता येत नाही, लघवीतून निघून जातं. तू स्वतः कितीही मीठ खा, दुधात ते फारसं वाढत नाही. आणि मीठ कमी पडलं की मुलाची वाढ खुंटते. म्हणून तर ते मिठाचे थेंब दिलेत."

"आणि तिचा श्वास?"

"फुफ्फुसं अजून बांधून व्हायचीत तिची. पोर वाढली तर तीही वाढतील. ती अशीच राहिली तर—" मग म्हणाल्या, "थेंब देतेस ना? प्रत्येक वेळी?"

"देते की!" मी जवळजवळ ओरडलेच. देतोच आम्ही. सकाळ-दुपारचे वन्सं देतात, बाकीचे मी.

घरी आल्यावर वन्संना सांगितलं. त्या तारोची पानं धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीठ! एवढ्याशा जिवाला मीठ! आमच्या बापाला कशानं नेलं, विसरलात वाटतं सगळे?" या घरात गप्प बसण्याचा मला आता चांगला सराव झालाय.

बुधवार, ६ जून

श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते तिची. दूध पितानाच दमते. चार घोट, की झोप. उठवावं तर रडायलाही जोर नाही.

केलेपी, तोआचा बाप, बागेतून आला आणि वन्सं घरात म्हणून दाराबाहेरूनच तिचा पाय हातात धरून बसला. त्याच्या बोटांना चिखल होता, तेवढा पुसून घ्यायचं मात्र विसरला!

शुक्रवार, ८ जून

वन्संच्या राज्यात राहणं सोपं नाही. फाताई — केलेपीची थोरली बहीण. नवरा गेल्यावर बापाच्या घरी परत आल्या आणि समोरचं मोठं घर ताब्यात घेतलं. मागचं लाकडी घर आमचं. पण तोआला वारा लागू नये म्हणून मी आणि ती समोरच्या पक्क्या घरात झोपतो. केलेपी मागे एकटा. आमच्या बेटावर भाऊ बहिणीच्या नजरेलाही नजर देत नाही, मग ती झोपते त्या घरात कसा झोपेल? पहाटे वन्सं चर्चला प्रार्थनेला गेल्या की तो स्वयंपाकघरात येऊन चहा पितो आणि बागेत जातो.

पोरीवर हक्क आधी आत्याचा, मग बापाचा, आणि काही उरलंच तर माझा. नाव ठेवलं आत्याने. पहिलं अंगडं आत्याने. आता वर्षाचा वाढदिवस होईल तेव्हा सगळ्यांत वरच्या चटईवर आत्या बसणार आणि भाजलेल्या डुकराचा मोठा वाटा तिच्यापुढे जाणार. बरं, जाऊ दे! पोर वर्षाची होऊ दे, मी माझ्या हाताने वाढीन.

मीठ या घरात शिरत नाही. वन्सं गावच्या महिला आरोग्य समितीच्या अध्यक्ष. चर्चच्या सभागृहात त्यांनीच चिकटवलेला कागद आहे — मिठाची बरणी आणि तिच्याखाली कवटी! आमचा मासा अळणी, तारोच्या पानांत भाजलेलं लू अळणी, नारळाचं दूधही अळणी. खारवलेल्या मांसाचा डबा कुणी भेट आणला तर वन्सं तो दोन बोटांत धरून शेजारी देऊन येतात, मेलेला उंदीर टाकावा तशा.

सासरे मी पाहिलेले नाहीत. खारवलेलं खाऊन रक्तदाब वाढला, अंग सुजलं, मग अर्धं अंग पडलं, मग गेले. तेव्हा वन्सं नवऱ्याबरोबर ऑकलंडला होत्या. शेवटपर्यंत केलेपीने केलं सगळं. वन्संना वाटतं, आपण इथे असतो तर बाप वाचला असता. म्हणून आता गावातल्या प्रत्येकाच्या ताटात डोकावतात.

सोमवार, ११ जून

तोआ झोपलीय, तोवर लिहिते.

दुपारी वन्सं समितीला गेल्या होत्या म्हणून थेंब मी दिले. पिचकारीतला एक थेंब माझ्या अंगठ्यावर सांडला. सवयीने चाटला.

पाणी! नुसतं पाणी!

पुन्हा घेऊन पाहिला. जिभेच्या टोकाला जरा कुठे खारट लागल्याचा भास. बस्स. आणि हॉस्पिटलातून बाटली आणली तेव्हा वास घेताना ओठाला लागलं होतं तर मी चक्क थुंकले होते, इतकं कडक!

बाटली कुठे असते? वन्संच्या कपाटात. कपाट कुठे? वन्संच्या स्वयंपाकघरात, किल्ली शेजारच्या खिळ्याला. तिथे शिरतं कोण? मी, वन्सं, आणि चहापुरता केलेपी. केलेपीला त्या बाटलीचं बूच उघडायला सांगितलं तरी बिचाऱ्याचे हात कापतात.

मला आणखी विचार करायची गरज नाही.

मंगळवार, १२ जून

वजन घटलं. आता तर घटलं!

डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली. निकाल बघून माझ्याकडेच रोखून बघायला लागल्या. "मिठाचा अंशच नाही म्हटलं तरी चालेल. थेंब खरंच देतेस?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, चाटला. नवी बाटली आणवली आणि मला चाखायला लावली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खारटपणाने की कशाने, कोण जाणे.

"घरात मीठ कुणाला नको आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगू शकले नाही. नणंदेचं नाव परक्यासमोर काढायला माझी जीभ वळेना. त्या इथल्याच. समजल्या. "आजपासून ती इथे राहील," एवढंच म्हणाल्या.

शनिवार, १६ जून

वाढतेय! नर्स थेंब देते, माझ्या डोळ्यांदेखत. काटा हलला. दूध संपवून आज चक्क माझं बोट धरून ओढलं तिने.

वन्सं रोज येतात. मान द्यायला कमरेला गुंडाळतात ती चटई नीट बांधून, इस्पितळात नाही तर जणू चर्चमध्ये आल्यासारख्या. उकडलेलं सुरण, अळणी मासा, आणि तोआसाठी स्वतः शिवलेली टोपी. तिला मांडीवर घेऊन बसतात आणि हळू आवाजात स्तोत्र म्हणतात. आवाज गोड आहे, हे कबूल करायला हवं. बघून मला राग येतो — एका हाताने गोंजारायचं आणि दुसऱ्या हाताने औषध ओतून द्यायचं! बरं, दुष्टपणा म्हणावा तर तोही दिसत नाही कुठे. त्याचीच जास्त भीती वाटते. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

सोमवार, १८ जून

घरी सोडलं. डॉक्टरांनी दाराशी थांबवून सांगितलं, "आणि एक. घरचं मीठ चिमटीने दुधात टाकायचं नाही. कधीच नाही! कमी पडलं तर वाढ थांबते, पण जास्त झालं तर मेंदूला धोका, फुफ्फुसात पाणी. या थेंबांचं माप औषधाचं आहे, स्वयंपाकाचं नाही."

बाटली मी माझ्या पिशवीत ठेवली होती. घरी पोहोचताच वन्संनी हात पुढे केला. "औषध कपाटात राहतं." आठ बायका अंगणात तोआला बघायला जमलेल्या. त्यांच्यासमोर नणंदेला नाही म्हणू? दिली बाटली. देताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मंगळवार, १९ जून

केलेपीशी बोलले. मागच्या घरी, तो कोयत्याला धार लावत होता.

"बाटलीत कुणीतरी पाणी भरतंय. तुझ्या बहिणीला विचार."

दगडावरचा हात थांबला. "ताईबद्दल माझ्यासमोर काही बोलू नकोस."

"मग कुणासमोर बोलू? डुकरांसमोर?"

"लेसिएली!"

"पोर मरेल, केलेपी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "मिठाने माणसं मरतात. बाबांना मी पाहिलंय. तू पाहिलं नाहीस." कोयता तिथेच टाकून निघून गेला. काय म्हणायचं याला! बहिणीचं पाठांतर याच्या तोंडी. बहिणीला तोंडावर विचारण्याची या घरात कुठल्याच भावाची छाती नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं होतं, पोरीसाठी तरी.

गुरुवार, २१ जून

चाखला. परत पाणी.

शुक्रवार, २२ जून

कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची पुडी आणली. लपवून, चोरी केल्यासारखी! दुधाची वाटी पुढे, चिमूट बोटांत. डॉक्टरांचे शब्द आठवले आणि चिमूट परत पुडीत टाकली. चिमूट म्हणजे किती? तोआ म्हणजे केवढी?

पुडी समुद्रात फेकून आले. समुद्राला काय कमी होतं!

पण हातावर हात ठेवून बसणार नाही मी. वन्संच्या वर या घराण्यात एकच माणूस आहे. वन्संची स्वतःची आत्या.

शनिवार, २३ जून

सकाळी तोआला छातीशी बांधलं, आईने लग्नात दिलेलं झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड काखेत मारलं आणि बसने बेटाच्या पार पश्चिम टोकाला गेले. एसेता आत्याबाईंच्या पायाशी कापड ठेवलं आणि खाली बसले.

नव्वदीच्या असतील. मांडीवर खारवलेल्या मांसाचा डबा, बोटांनी थेट डब्यातून खात होत्या. मला बघून आधी दचकल्या. "फाताई आहे का बरोबर?"

"नाही, आत्याबाई."

"मग हरकत नाही. ती आली की हे सगळं पलंगाखाली जातं. मोठी मी, पण कटकट कोण ऐकणार!" आणि खदाखदा हसल्या. मला मात्र रडूच फुटलं. सगळं सांगितलं — काटा, बरगड्या, पाणी, कपाट.

हसू थांबलं. त्यांनी तोआला उघडं केलं, छातीवर तळहात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "कोंबडीच्या पिल्लासारखं उडतंय काळीज." नंतर माझ्याकडे वळल्या. "हे बघ सूनबाई. मी आले आणि बोलले, तर फाताईची मान सगळ्या घरासमोर खाली जाईल. एकदा खाली गेलेली मान मलाही वर करता येत नाही. तुझी खात्री आहे?"

"आहे."

"डोळ्यांनी पाहिलंस ओतताना?"

"कपाट त्यांचं, आत्याबाई. मिठाचा द्वेषही त्यांचाच."

त्यांनी उसासा सोडला. "उद्या चर्चनंतर. आणि तो डबा जरा पलंगाखाली सरकव."

रविवार, २४ जून

झालं. झालं एकदाचं!

चर्च सुटल्यावर जमिनीतल्या भट्टीतलं जेवण उघडलं होतं. आत्याबाई नातवाच्या पिकअपमधून आल्या. वन्संनी धावत जाऊन चटई अंथरली, स्वतः खाली सरकून बसल्या. घरातले सगळे होते. केलेपी दारात, उंबऱ्याबाहेर, बहिणीपासून लांब, जसा नेहमी बसतो तसा.

आत्याबाईंनी घास घेतला नाही. "फाताई, पोरीच्या औषधात पाणी कोण भरतं?"

वन्सं आधी गोंधळल्याच. "पाणी? मी तर रोज मोजून—" आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग दाराकडे. केलेपीची मान इतकी खाली की कपाळ गुडघ्याला टेकत होतं. बहिणीची अशी चौकशी चाललेली ऐकवत नव्हती बिचाऱ्याला. तो तोंड उघडतोय असं वाटलं, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "मीच."

"मोठ्याने," आत्याबाई म्हणाल्या.

"मीच भरत होते. मला वाटलं, मिठाने पोर मरेल. चूक झाली."

आत्याबाई म्हणाल्या, "तू जगाला मीठ सोडायला सांग. मोठ्यांना सांग, मलाही सांग. पण घर बांधायला काढलेल्या माणसाच्या अंगणातली वाळू चोरायची नसते. हे पोर अजून बांधून व्हायचंय." मग जरा थांबून, "तिच्या वाढदिवसाला वरच्या चटईवर तू बसणार नाहीस. मी बसेन. जगले तर."

वन्संनी कपाळ जमिनीला टेकवलं. कपाटाची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही हातांनी.

मी जिंकले. किल्ली माझ्या गळ्यात आहे. मग जेवण का गेलं नाही मला?

मंगळवार, २६ जून

वाढलं! थोडंच, पण वाढलं. काल हॉस्पिटलातून नवी बाटली आणली, ती आता कुलपात.

वन्संनी समितीचं अध्यक्षपद सोडलं. पाळकाच्या बायकोने चर्चच्या पायरीवर मला गाठून विचारलं, "काय ग, खरंच तिनं असं केलं?" मी हो म्हटलं. आधी हे म्हणताना बरं वाटेल असं वाटलं होतं.

मंगळवार, ३ जुलै

वाढतेय. थेंब खारट. रोज चाखते. हसू नये, पण आता मला त्या चवीशिवाय करमत नाही! बरगड्यांमधली ओढ कमी झाली. डॉक्टर लोलोहेआंनी नळी छातीला लावून बराच वेळ ऐकलं आणि पहिल्यांदाच दात दिसतील अशा हसल्या. "चांगली चाललीय. फुफ्फुसं मिळवतील हळूहळू. अजून सांभाळायचं, पण चांगली चाललीय."

गावात बायका वन्संशी बोलतात, पण तोंड वळवून. कुणी त्यांच्या हातात आपलं मूल देत नाही. काल एकीने त्यांना बघून खारवलेल्या मांसाचा डबा मुद्दाम वर धरला आणि म्हणाली, "खाणार का, फाताई?" सगळ्या हसल्या. वन्सं निघून गेल्या. उत्तर द्यायला त्यांना कधी शब्द कमी पडले होते?

थेंब त्या आता माझ्यासमोर देतात. किल्ली मागतात, पिचकारी मला दाखवतात, मग देतात. मी सांगितलं नव्हतं असं करायला. दाखवताना नजर वर करत नाहीत, ते मला बघवत नाही.

केलेपी चहाला येत नाही हल्ली. उपाशीच बागेत जातो.

शुक्रवार, ६ जुलै

आज तोआ हसली. खरंखुरं. वन्संकडे बघून!

जरा पोटात दुखलं माझ्या. खोटं का बोलू?

रविवार, ८ जुलै

चर्चला जाताना केलेपी वाटेतच थांबला. म्हणाला, "बाटली मी ओतत होतो. पहाटे, ताई प्रार्थनेला गेली की. बाबा डोळ्यांसमोरून हलत नव्हते ग. त्या दिवशी मी सांगणारच होतो. ताईने माझ्याकडे पाहिलं. शहाणी झाल्यापासून तिने माझ्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. आणि मग तीच बोलली."

चर्चला गेलेच नाही. धावत घरी आले. वन्सं तोआला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "वन्सं," म्हटलं, "केलेपीने सांगितलं मला—"

"श्श," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."